गावाहून मुंबईला: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

मुंबईहून कोकणात कसं यावं यावर ढिगानं लिहिलेलं सापडतं. उलट्या प्रवासाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. टाटा कॅन्सर हॉस्पिटलची तारीख, हायकोर्टातली सुनावणी, मुलाखत, व्हिसाचं काम, लेकीचं बाळंतपण अशा कारणांनी रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली माणसं बारा महिने मुंबई गाठत असतात. त्यांना चौपाटी बघायची नसते, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या दारात उभं राहायचं असतं. हा लेख त्यांच्यासाठी.

आपण नियोजन उलट्या टोकानं करतो. आधी गाडी बघतो, मग जागा मिळते का ते, आणि उतरायचं कुठं याचा विचार पनवेल आल्यावर. खरा खोळंबा मात्र शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये होतो. म्हणून आधी कामाचं ठिकाण, मग उतरायचं स्टेशन आणि शेवटी गाडी. पावसाळ्यात या सगळ्याच्या आधी तिथी, कारण तिच्यावरून भरतीची वेळ कळते.

उतरायचं कुठं ते आधी ठरवा

“खय उतरतलस?” हा गाडीतला पहिला प्रश्न, तो घरीच सोडवून निघा. कोकण रेल्वेची हद्द रोह्याला संपते. पुढे पनवेल, दिवा, ठाणे असं करत गाडी दादर, सीएसएमटी किंवा कुर्ला टर्मिनसला जाते.

काम नवी मुंबईत असेल तर पनवेलला उतरा, मुंबई बघायची गरजच नाही. टाटाच्या रुग्णांनी इथं एक गोष्ट नीट बघावी. टाटाचं एक मोठं केंद्र खारघरला आहे आणि पुष्कळांना तारीख तिथली मिळते. कागदावर परळ लिहिलंय की खारघर, हे निघण्याआधी वाचा. खारघर पनवेलहून हार्बर लोकलनं काही स्टेशनांवर आहे. दादरपर्यंत जाऊन परत उलटं येण्यात अख्खी सकाळ जाते.

अंधेरी, मरोळ, पवई, घाटकोपर या भागात जायचं असेल तर माझं मत ठाण्याच्या बाजूनं आहे. पुष्कळजण सवयीनं दादरला उतरतात आणि पश्चिम रेल्वेच्या गर्दीत बोचकं घेऊन घुसतात. त्यापेक्षा ठाण्याहून लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रो १ नं अंधेरी हा रस्ता सोपा. म्हाताऱ्या माणसाला तर नक्कीच.

परळची हॉस्पिटलं म्हणजे टाटा, केईएम, वाडिया. त्यासाठी दादर ठीक, पण दादरहून टॅक्सी करण्याऐवजी धीमी लोकल पकडून परळला उतरणं बरं. तिथून हॉस्पिटलं चालत जाण्याजोगी आहेत. पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांनी प्रभादेवीला उतरून टॅक्सी करण्याआधी विचार करावा. प्रभादेवी आणि परळ जोडणारा जुना एल्फिन्स्टनचा पूल नव्या बांधकामासाठी सप्टेंबर २०२५ पासून वाहनांना बंद केला आहे, त्यामुळं टॅक्सी लांबून फिरून येते. पादचारी पुलानं रूळ ओलांडणं सोपं.

हायकोर्ट, मंत्रालय, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) यांच्यासाठी आता मेट्रो ३ आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते. हायकोर्टाला हुतात्मा चौक, मंत्रालयाला विधान भवन, व्हिसाच्या कामाला बीकेसी, अशी स्टेशनं थेट आहेत. दादरला मेट्रोचं स्टेशन पश्चिमेला आहे, तेव्हा मध्य रेल्वेच्या फलाटावरून पूल ओलांडून यावं लागतं. सामान जास्त असेल तर सीएसएमटीपर्यंत गाडीतच बसून तिथून मेट्रो घेतलेली बरी.

कुर्ला टर्मिनस मात्र नावाला कुर्ला. कुर्ला लोकल स्टेशनपासून ते चांगलंच लांब आहे, जवळचं लोकल स्टेशन टिळक नगर आणि तेही हार्बरवर. पहाटे तिथं रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभं राहण्यापेक्षा नेत्रावती किंवा मत्स्यगंधा एक्सप्रेसनं येणाऱ्यांनी ठाण्याला उतरावं.

तिकीट मात्र शेवटच्या स्टेशनापर्यंतचं काढा. उतरायचं ठाण्याला असलं तरी. फरक किरकोळ पडतो, पण गाडी उशिरा पोचली तर तो पैसा वसूल होतो. सकाळी साधारण आठ ते अकरा लोकलची गर्दी दक्षिणेकडं वाहत असते. तुमची गाडी साडेआठला ठाण्यात शिरली तर खाली उतरून त्या गर्दीत शिरू नका, आहात तिथंच बसून दादर गाठा. गाडी सुटायच्या वेळेला शेवटचं स्टेशनही तपासा, कारण कामासाठी अधूनमधून गाड्या ठाण्याला किंवा दादरलाच थांबवतात.

तारीख आपल्या हातात असेल तर

डॉक्टर “दोन-तीन महिन्यांनी दाखवायला या” म्हणतात तेव्हा महिना निवडायची मुभा असते. तिथं थोडं डोकं चालवावं.

गर्दीचा नियम साधा आहे: चाकरमानी ज्या दिशेनं जातो त्याच्या उलट आपण जायचं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून येणारी गाडी फुटायला आलेली असते, पण त्याच दिवसांत मुंबईकडं जाणाऱ्या गाडीत जागा मिळायची शक्यता बरी असते. जादा गाड्यांनाही परत जायचंच असतं. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की चित्र पालटतं. तेव्हा मुंबईकडची तारीख घेऊच नये. शिमग्याचं तेच. मे महिन्याची गोम वेगळी: सुरुवातीला लोंढा कोकणाकडं असतो, पण शाळा उघडायच्या आधीचे आठ-दहा दिवस मुंबईकडची प्रत्येक गाडी भरलेली.

हवेचं म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यांत सुखाचे. मात्र थंडीत मुंबईची हवा जमिनीलगत कोंडते आणि सकाळी धुरकट पडदा असतो. दम्याच्या माणसानं मास्क आणि आपला पंप जवळ ठेवावा. मार्च फसवा असतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा मुंबईला थंड ठेवतो, पण मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा उशिरा सुरू होतो. असल्या दिवशी पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत बाहेरची कामं अकराच्या आत उरका. मेमध्ये पारा कमी दिसतो, पण घामानं जीव जातो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर पुन्हा तापतो, आणि दुपारनंतर गडगडाटी सर येऊ शकते.

पावसाळा मुंबईत सरासरीनं ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो. ही सरासरी आहे, करार नव्हे. २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला. सगळ्यांत बेभरवशाचा महिना जुलै. नेमकी तारीख मागायचीच असेल तर जुलै टाळा. टाळता येत नसेल तर पुढचा भाग नीट वाचा.

पावसाळ्यात भरतीचं गणित

किनाऱ्यावरच्या माणसाला उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, शिकवायची गरज नाही. पण आपलं हे ज्ञान आपण खाडीपुरतं ठेवतो आणि मुंबईला जाताना विसरतो. तिथं ते जास्त कामाला येतं.

मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं, आणि पुष्कळ नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की पाणी बाहेर पडू शकत नाही, उलट आत शिरू बघतं. मग पाणी उपसणारे पंप चालतील तेवढाच निचरा. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली होती. क्षमता वाढवायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की सखल भाग भरलाच म्हणून समजा. नुसता पाऊस किंवा नुसती भरती असेल तर शहर बहुधा निभावून नेतं.

आता वेळ काढू. आपल्याकडं जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. प्रतिपदेपासून पुन्हा एक धरून मोजायचं, पण वेळ बारानंतरची समजायची. म्हणजे अमावास्येनंतरच्या द्वितीयेला दुपारी दीडच्या आसपास. मिनिटाची अचूकता यात नाही, पण पाऊण तास इकडं-तिकडं धरून चालतं. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी.

यातून कामाची गोष्ट अशी निघते. मोठी भरती अमावास्या-पौर्णिमा आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत येते, आणि त्या दिवसांत तिची वेळ दुपारी बारा ते दोन असते. पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, हेही त्यात भर. म्हणजे उधाणाच्या दिवशी पहाटे सहा-सातला ओहोटी मिळते आणि संध्याकाळी पुन्हा मिळते. अशा दिवशी शहराच्या आतला प्रवास सकाळी दहाच्या आत संपवायचा, आणि परतायचं ते दुपारी चारनंतर. डॉक्टरांची वेळ दुपारी दोनची असली तरी दहाला हॉस्पिटलात जाऊन बसा. तिथं कॅन्टीन असतं, संडास असतो, वर छप्पर असतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळी येते, पण तिला जोर नसतो. तारीख निवडायची मुभा असेल तर जुलैतली अष्टमी-नवमी घ्या.

पंचांग नको असेल तर महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी वेळांसकट जाहीर करते आणि वर्तमानपत्रं ती छापतात. कात्रण फ्रिजवर लावून ठेवा.

मुंबईत पाऊस म्हणजे नक्की कुठं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३-७४. मध्ये अंतर किती, तर वीस-बावीस किलोमीटर. तेव्हा “मुंबईत पाऊस कसा आहे?” असा फोन नातेवाइकाला करून उपयोग नाही. तो दहिसरला राहतो आणि तुम्हाला परळला जायचंय. जिथं जायचं त्या भागातल्या माणसाला विचारा, आणि कुणी नसेल तर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि रडारचं चित्र बघा.

खात्याचा इशारा जिल्हावार असतो. निघताना एकाच नव्हे, चार ठिकाणांचा रंग बघायचा: आपला जिल्हा, रायगड, ठाणे आणि मुंबई. मुंबई पिवळी असून उपयोग काय, महाडला लाल असेल तर गाडी अडकणार तिथंच. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर ‘मुसळधार’, ११५.६ च्या वर ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’चा टप्पा. नारिंगी रंग बघून घाबरू नका. पावसाळ्यात कोकणपट्टी नारिंगी असणं हे नेहमीचंच. लाल असेल आणि काम पुढं ढकलता येत असेल तर ढकला.

तिकीट

आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. नोव्हेंबर २०२४ आधीचा एकशेवीस दिवसांचा हिशेब डोक्यातून काढा. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि बिनएसीचं अकराला, आणि ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं हवं. ते जोडायचं काम त्या सकाळी करायला बसू नका.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं चालायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असं आखडलं. या काळात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० वर आणतात. दरडीचा मार्ग आहे, त्यामुळं या सावधपणाबद्दल कुरकुर करू नये. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की आपल्या स्टेशनावरची वेळ बदलते, काही गाड्या एरवीपेक्षा लवकर निघतात, आणि वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते. मार्चमध्ये पाठ केलेली वेळ जुलैत चालत नाही.

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि तो घ्यायचं पहिल्या फेरीत राहून जातं. आत गेल्या गेल्या विचारा. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातही कर्करोगाचे रुग्ण बसू शकतात, कागद जवळ ठेवा. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० पासून बंदच आहे. एसटीत मात्र पंचाहत्तरीच्या पुढं फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं आणि बायकांना अर्धं.

रस्ता आणि पाणी

महामार्गावर कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो, पण चिपळूणजवळचा परशुराम घाट पावसात अजून भीती घालतो. स्वतःच्या गाडीनं दक्षिण मुंबईत जायचं तर अटल सेतू. २१.८ किलोमीटर, कारला एका वेळचा अडीचशे रुपये टोल, आणि तुम्ही थेट शिवडीत उतरता. परळचं काम असेल तर याहून जवळचा रस्ता नाही. दुचाकी आणि रिक्षांना मात्र तिथं बंदी. वाशीच्या खाडीपुलावरून गेलात तर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोलनाक्यावर पैसे नाहीत. एसटीनं किंवा खासगी बसनं जाणाऱ्यांनी आपली बस पनवेलनंतर कुठं कुठं थांबते ते चालकाला आधी विचारावं. चेंबूरला मैत्री पार्क, पुढं सायन. सायनच्या पुढं रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच.

अलिबाग-मुरुडकडच्यांना मांडवा बंदर आहे. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, पण मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो (गाड्याही नेणारी बोट) हवामान साथ देईल तेव्हा पावसाळ्यातही चालते. धक्क्यापासून जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड.

रेल्वे आणि महामार्ग दोन्ही तुटले तर? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं तेव्हा रेल्वेही थांबली. असल्या वेळी आंबा घाटानं कोल्हापूर किंवा कुंभार्लीनं कराड, आणि तिथून पुणेमार्गे मुंबई, हा लांबचा पण कधीकधी एकमेव रस्ता. घाट चालू आहे का, हे निघण्याआधी पोलिसांना किंवा एसटीच्या आगारात फोन करून विचारा. पावसात तेही बंद होतात.

प्रवासात आणि पाणी भरल्यावर

पावसात मुंबईचे रूळ ठरावीक ठिकाणीच आधी बुडतात. हार्बरवर कुर्ला-चुनाभट्टी, मध्य रेल्वेवर सायन-कुर्ला. म्हणून पनवेलला उतरून हार्बरनं जायचा बेत असेल तर रोह्याच्या आसपास असतानाच हार्बर चालू आहे का ते बघा. बंद असेल तर पनवेलला उतरू नका, गाडीतून ठाण्यापर्यंत या. रविवारी तर पाऊस नसतानाही मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी चार. तो कुठल्या मार्गावर आहे हे शनिवारी जाहीर झालेलं असतं.

हिंदमाता चौक दादर पूर्वेहून परळच्या हॉस्पिटलांकडं जाणाऱ्या रस्त्यावरच आहे, आणि मुंबईत पाणी भरण्यासाठी तो सगळ्यांत प्रसिद्ध. दृश्य ठरलेलं: दुकानदार खालच्या फळीवरचे कपड्यांचे गठ्ठे वर चढवतायत, टॅक्सीवाला “पुढे नाय जाणार” म्हणून हात हलवतोय, आणि मध्येच पाण्यात एक बांबू उभा, त्याला लाल फडकं. तो बांबू म्हणजे उघडं मॅनहोल. पण प्रत्येक मॅनहोलवर बांबू असतोच असं नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवीजवळ अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नावाजलेल्या डॉक्टरांचा जीव गेला. गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर चालूच नका. अगदी नाइलाज झाला तर दुभाजकाला धरून, छत्रीची काठी पुढं टेकत, आणि स्थानिक माणूस ज्या ओळीत चालतोय त्याच ओळीत. रुग्ण सोबत असेल तर परळ स्टेशनच्या पुलावर तासभर थांबा, ओहोटी लागली की पाणी उतरतं.

त्या पाण्यात पाय गेलेच आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. लेप्टोच्या तापाचं औषध वेळेत घेतलं तर उपयोग होतो. शेतात लेप्टो होतो हे आपल्याला माहीत असतं, शहरातल्या पाण्यात होतो हे लक्षात येत नाही.

कागदपत्रं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, एक्स-रे आणि फाइल वेगळ्या. मुख्य कागदांचे फोटो मोबाइलवर. रबरी पट्ट्यांची चप्पल घाला, बूट नकोत. दोन वेळचं औषध आणि भाकरी-चटणी हातातल्या पिशवीत, बर्थखालच्या बॅगेत नव्हे. कारण गाडी कुठल्याशा स्टेशनाबाहेर तीन तास उभी राहिली तर ती बॅग काढायला शेजारच्या चौघांना उठवावं लागतं.

परतीच्या तिकिटात एक खोडा आहे. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारची तारीख टाकलीत तर गाडी गुरुवारच्या मध्यरात्रीच निघून गेलेली असते. कोकणकन्या अकराच्या सुमारास सुटते, तिला ही भानगड नाही. आणि उधाणाचा दिवस असेल, दिवसभर पाऊस पडलेला असेल, तर रात्रीची गाडी धरायला दादरला संध्याकाळी सहाच्या ओहोटीतच पोचा.